उन्हाच्या बाजूची खिडकी

नीताचा फोन आला तेव्हा मी शिरगावच्या घरी पडवीत बसून कालचा पेपर वाचत होतो. निवृत्त मास्तरला कालच्या आणि आजच्या पेपरात फारसा फरक वाटत नाही. "मामा, आई गेली," ती म्हणाली. दुपारचा चहा पिऊन आडवी झाली, आणि दिवेलागणीला उठवायला गेले तर... पुढे तिला बोलवेना. मी "आलोच" म्हटलं आणि चपला शोधू लागलो. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते आधीच सांगून टाकतो, कारण ते लपवून ताईबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, बरं झालं थंडीत जाऊन आलो. बरं झालं, डाव्या बाजूला बसलो. सख्खी बहीण गेल्याची बातमी कानावर पडते आणि माणसाला विमानातली बाजू आठवते, हे कुणाला विचित्र वाटेल. मलाही वाटलं. पण छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखा मी रिक्षात बसलो आणि रत्नागिरीत मांडवीला तिच्या घरी पोचेपर्यंत एकदाही रडलो नाही.

तिथे ओटीवर माणसं जमली होती आणि जो तो "सुटली हो" म्हणत होता. मला हा शब्द कधीच आवडला नाही. ताई कशातही अडकलेली नव्हती. डोळे सोडले तर तब्येत ठणठणीत होती, आदल्या दिवशी तिने स्वतः बांगडे निवडून आणले होते आणि कोळणीशी हुज्जत घातली होती. पण मला जे मोकळं वाटत होतं त्याला दुसरा शब्द मलाही सापडत नव्हता.

इंदूताई माझ्याहून बरीच मोठी. रत्नागिरीच्या स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीमागे तिने उभी नोकरी केली. जुन्या मंडळींना ती अजून आठवत असेल, नाकावर घसरलेला चष्मा, अंबाड्यात अबोलीचा वळेसर आणि समोर कोणीही आला तरी पहिला प्रश्न हाच, "सकाळची गाडी की दुपारची?" मुंबईची सकाळची गाडी असेल तर ती न विचारता डाव्या बाजूची सीट द्यायची. "उजवीकडे ऊन लागतं चिपळूणपर्यंत. पोर आहे ना मांडीवर? मग ऐका माझं." दुपारच्या गाडीला बाजू उलटी. कुणी हट्टाने दुसरीकडची मागितली तर द्यायची, पण देताना असा चेहरा करायची की तो माणूस पुढच्या खेपेला निमूट ऐकायचा. गावात तिच्या ह्या सावलीचा एवढा बोलबाला होता, की लोक तिकीट काढायला दुसरीकडे गेले तरी बाजू विचारायला तिच्याकडे यायचे. लग्नाच्या मांडवात गेली की आधी आकाशाकडे बघून ऊन जेवणाच्या वेळेला कुठे येईल ते ठरवायची आणि मग आम्हा सगळ्यांना त्या हिशोबाने बसवायची. घरी तर तिची खुर्ची दिवसभर पडवीभर फिरत असे. सकाळी पश्चिमेला, दुपार कलली की पूर्वेला. भावजी असेपर्यंत ते म्हणायचे, "आमच्याकडे घड्याळ नको. खुर्ची कुठे आहे बघितलं की कळतं किती वाजले."

आमचं माहेर... म्हणजे तिचं माहेर आणि माझं घर, दाभोळचं. डोंगराच्या पायथ्याशी, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. ताईचं लग्न होऊन ती रत्नागिरीला गेली आणि आईने एक पालुपद धरलं, "लांब दिली पोर." आजच्या मुलांना हसू येईल. पण ज्याने कोकण बघितलंय त्याला विचारा. दाभोळहून दक्षिणेला निघालात की पहिल्याच पावलाला वाशिष्ठीची खाडी आडवी. ती तरीतून ओलांडावी तर पुढे जयगडची खाडी. नाहीतर गाडीने आधी पार आत चिपळूणला जायचं, तिथून हमरस्त्याला लागायचं आणि डोंगरातून वळसे घेत रत्नागिरीला उतरायचं. निघालेलं माणूस संध्याकाळी पोचायचं ते अंग आंबवून. सणाला यायचं तर ताईला रजा दोन दिवस जास्त लागायची आणि सणासुदीलाच तिच्या खिडकीवर गर्दी. त्यामुळे ती यायची कमी, आणि आली की ती निघताना आई पुन्हा तेच म्हणायची.

आई गेली ती भर श्रावणात. मी तेव्हा दाभोळलाच मास्तर होतो. सकाळी तिचं जास्त झालं म्हणून मी स्टँडवर फोन लावून ताईला निरोप दिला. ती तशीच निघाली. पण खाडीवरची होडी वाऱ्यामुळे बंद होती आणि चिपळुणात रस्त्यावर पाणी आलेलं. रात्र तिने तिथल्या स्टँडवरच बसून काढली. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा आम्ही नदीवरून आंघोळ करून परत आलो होतो. ती दारात उभी राहिली, रडली नाही, फक्त म्हणाली, "काही बोलली का रे?" मी काही बोलायच्या आत शेजारची काकू बोलून गेली, "सारखी म्हणत होती गो, लांब दिली पोर, तोंडात पाणी घालायलाही यायची नाय." काकू वाईट नव्हती. तिच्या मनात आलं ते तिने सांगितलं. पण ते वाक्य ताईच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. त्यानंतर आयुष्यभर कुणी सहज जरी "लांब" म्हटलं, की ती हातातलं काम थांबवून क्षणभर कुठेतरी बघायची. मी भूगोलाचा मास्तर. पुढे माझी बदली रत्नागिरीला झाली, तेव्हा एकदा तिची समजूत घालावी म्हणून मी शाळेतला जिल्ह्याचा नकाशा तिच्या घरी नेला. दाभोळवर एक बोट ठेवलं, रत्नागिरीवर दुसरं. म्हटलं, "हे बघ, चार बोटांचं अंतर. खाड्या मधे नसत्या तर तू डबा घेऊन गेली असतीस." तिने नकाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "कागदावर काय रे, सगळंच चार बोटांचं असतं." मी नकाशा गुंडाळून परत नेला.

पुढे नीताचं लग्न झालं, जावई नोकरीनिमित्त कोचीला गेले आणि ताईला तिकडे बोलावणं आलं. मुंबईहून विमान. बरोबर मी. ताईने बॅग भरायच्या आधी मला विचारलं, "बाब्या, ते विमान आपल्यावरनं जातं काय रे?" म्हटलं, "अगदी डोक्यावरून नाही, पण किनाऱ्याच्या कडेकडेने जातं. हवा चांगली असली तर आंजर्ल्यापासून खाली सगळं दिसतं म्हणतात." मग म्हणाली, "म्हणजे दाभोळ आणि रत्नागिरी एकामागोमाग दिसेल." म्हटलं, दिसेल. तेव्हा मला कळलं की ती लेकीकडे तर जायला निघालीच आहे, पण त्याआधी तिला एकदा वरून मोजून बघायचंय. कागदावर नाही, खरंखुरं.

आता इथे मूर्खपणा झाला तो असा की जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता. सकाळचं विमान. दक्षिणेला जाणारं. म्हणजे जमीन डावीकडे, समुद्र उजवीकडे. हे चौथीतलं पोर सांगेल. मी रस्ताभर तिला ते सांगत गेलो. पण विमानतळावर काउंटरपाशी पोचलो आणि समोर टेबलामागे बसलेली मुलगी बघून ताईच्या अंगात तिची सगळी नोकरी संचारली. मुलीने विचारलं, "विंडो हवी का?" ताई तिच्याकडे पुढे झुकून, एका खात्यातल्या माणसाने दुसऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "सकाळची वेळ, खाली चाललोय. उजवीकडची द्या गो. डावीकडे ऊन लागतं." मी म्हटलं, "ताई, अगं डावी..." ती म्हणाली, "तू गप रे. भूगोल तुझा शाळेत." मुलगी हसली आणि उजवीकडची दिली.

सुरुवातीला ताई खूश होती. "बघ, ऊन आहे काय कुठं?" खरंच नव्हतं. खिडकीतून खाली निळं पाणी, वर निळं आकाश, आणि दोन्ही कुठे जुळतात तेही कळत नव्हतं. पलीकडच्या रांगेतल्या लोकांच्या तोंडावर ऊन येत होतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी खिडक्यांची झापडं खाली ओढली होती. एक बाई तेवढी उघडी ठेवून शेजारणीला काहीतरी बोट करून दाखवत होती. ताई वाकून तिकडे बघू लागली. "तिकडं काय दिसतंय रे?" म्हटलं, "आता बहुतेक आपलंच गाव असेल." तिने पट्टा सोडायचा प्रयत्न केला, तर हवा खराब आहे, बसून राहा अशी सूचना झाली. ती बसली. समोरच्या माणसाच्या डोक्यापलीकडे, त्या बाईच्या खांद्यावरून, हिरव्याकरड्या रंगाची एक चिंधी तिला दिसत राहिली आणि मग तीही संपली. कोचीला उतरेपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. येताना जावयांनी आगगाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं, त्यामुळे परतीच्या वाटेवरची संधीही गेली. मी तिला चिडवायची एकही संधी सोडत नसे, पण ह्यावर मी कधी चिडवलं नाही.

त्यानंतर एकदोन वर्षांत तिचे डोळे कुरकुरायला लागले. जिना उतरताना पायरी चुकायची, पानातली चटणी दिसायची नाही. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले कडेची नजर गेलीय, ती येणार नाही. मधली आहे ती राखू या. ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले, उन्हात घालायला भलामोठा काळा चष्मा मिळाला. कसं दिसतं म्हणून विचारलं तर म्हणायची, "बांगडीतनं बघितल्यासारखं. आणि बांगडी दर महिन्याला एक माप कमी होतेय." हसत म्हणायची, पण एकदा संध्याकाळी मी उठायला लागलो तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "बाब्या, ते राहिलं रे बघायचं." कुठलं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग आम्ही तो खुळेपणा केला. नीता तोवर रत्नागिरीला परत येऊन आईजवळ राहत होती. तिने मुंबई ते गोवा अशी दोन तिकिटं काढली. रत्नागिरी मधे. म्हणजे रत्नागिरीच्या माणसांनी आधी रात्रभर गाडीत बसून मुंबईला जायचं, तिथून विमानाने स्वतःच्या घरावरून पलीकडे गोव्याला उतरायचं आणि तिथून आगगाडीने परत घरी. कशासाठी, तर खिडकीतून बघायला. शेजाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं आणि त्यांचं काही चुकलं नाही. ह्या वेळी मी बाजू ठरवली. थंडीचे दिवस, हवा धुतल्यासारखी. आणि विमान दुपारचं. म्हणजे ऊन पश्चिमेकडून, उजवीकडून येणार, जमीन डावीकडे, आणि तीही उजेडात. सावलीही डावीकडे आणि गावही डावीकडे. ताईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझंही खरं आणि तुझंही खरं." विमानात शिरलो, आमच्या रांगेत बसलो, तिने खिडकीतून बाहेर बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाब्या, हे पत्र्याचं अंगण कुणाचं रे?" मी वाकून बघतो तर खिडकीभर विमानाचा पंख. भूगोलाच्या पुस्तकात पंखाचा धडा नव्हता.

पुन्हा असं येणं होणार नव्हतं, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण ती उठली. हाताने सीटांच्या पाठी चाचपत मागे गेली. पंखाच्या बऱ्याच मागे, डावीकडच्याच खिडकीपाशी एक गृहस्थ मानेभोवती उशी अडकवून झोपायच्या तयारीत होते, खिडकीचं झापड खाली. शेजारच्या दोन्ही सीटा रिकाम्या. ताईने त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"तुम्ही झोपणार काय?"

"हो. का मावशी?"

"मग खिडकी कशाला अडवून ठेवलीत?"

"माझी सीट आहे ना ही."

"असू दे. मी जन्मभर आरक्षणातच होते, सीट कुणाची ते मला कळतं. पण झोपणाऱ्याला आम्ही खिडकी देत नव्हतो. त्याला आतली देत होतो. त्याचीही झोप होते आणि बघणाऱ्याचं बघणंही होतं."

गृहस्थ आधी गोंधळले, मग हसले आणि उशीसकट उठून आमच्या जागी जाऊन बसले. विमान उडायच्या आधीच त्यांचा डोळा लागला असावा. देव त्यांचं भलं करो.

विमान समुद्रावर चढलं, वळलं, आणि डावीकडे किनारा सुरू झाला. मी मधल्या सीटवर. मला खिडकीतून आकाशाची एक फाक आणि ताईचा अंबाडा एवढंच दिसत होतं, पण घड्याळाच्या आणि अंदाजाच्या जोरावर मी नावं सांगत होतो. "आता आंजर्लं यायला पाहिजे." ताईने कड्यावरच्या गणपतीला अंदाजाने हात जोडले. मग दोन्ही तळवे डोळ्यांच्या कडेला लावून तिने काचेला नाक टेकवलं आणि सुईत दोरा ओवताना माणूस जसं डोकं हलवतं तशी ती हळूहळू डोकं फिरवू लागली. तिच्या बांगडीएवढ्या नजरेत एकदम सगळं मावत नव्हतं, म्हणून ती तुकड्यातुकड्याने बघत होती. मी म्हटलं, "ही मोठी खाडी दिसेल ती आपली." मग म्हणाली, "फेरी बोट सुटलीय पलीकडे. मागनं पांढरी रेघ." आणि थोड्या वेळाने, "तोंडाशी वाळू केवढी आली रे. विळ्यासारखी वाकडी. आपल्या वेळेला नव्हती." मी पुढे झुकलो, पण विमान थोडं कलंडलं आणि मला नुसतं आकाश दिसलं. "असेल," मी म्हटलं. "असेल काय, आहे," ती म्हणाली. "आता बोलू नको."

ती पुढे बघायची, मागे बघायची, परत पुढे. मग म्हणाली, "ही भाट्याची पुळण. रत्नागिरी आली." पुन्हा मान मागे वळवून, गाल काचेला चिकटवून तिने बराच वेळ बघितलं. "बाब्या... दोन्ही एकाच खिडकीत मावतात रे." एवढं म्हणून ती मागे टेकली आणि रडली. आई गेली तेव्हा जे रडणं राहिलं होतं ते असावं. मी तिला रुमाल दिला, पाणी दिलं, आणि हात धरून बसलो. बऱ्याच वेळाने, खाली गोवा आलेलं असताना, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आई उगाच म्हणायची."

त्यानंतरची ताई वेगळी होती असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. कोळणीशी हुज्जत तशीच, माझ्यावरची दमदाटी तशीच. पण एक गोष्ट बदलली. तिची खुर्ची पडवीभर फिरायची थांबली. ती पश्चिमेच्या अंगाला जी ठेवली ती तिथेच राहिली, संध्याकाळचं ऊन सरळ तोंडावर यायचं तरी. काळा चष्मा लावून, समुद्राकडे तोंड करून ती बसायची. आणि आळीतलं कुणी सवयीने बाजू विचारायला आलंच, मुंबईची गाडी आहे हो, कुठे बसू, तर म्हणायची, "तुला बघायचंय काय ते आधी सांग. ऊन काय, लागलं तर लागलं." विचारणारा चक्रावून जायचा. जन्मभर सावली वाटलेल्या बाईने म्हातारपणी पक्ष बदलला म्हणून मी तिची थट्टा करायचो. ती म्हणायची, "सावलीत बसून एकदा गाव चुकवलंय मी. आता नाय."

माझ्या मनात मात्र एक कुसळ राहिलं होतं. गोव्याहून आल्यावर महिन्याभराने डोळे तपासायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी नीताला बाजूला घेऊन सांगितलं की ह्यांना लांबचं असं काही गेले कित्येक महिने दिसत नसणार. उजेड-अंधार, रंग, जवळचं थोडंफार, एवढंच. नीताने मला ते सांगितलं आणि मी हबकलो. मग विमानातून तिने काय बघितलं? फेरी बोट, वाळू, भाट्याची पुळण... नावं तर मीच पुरवत होतो. भाऊ एवढा खटाटोप करून घेऊन आलाय, त्याचं मन कशाला मोडा, म्हणून तिने सगळं मनानेच बघितलं असेल तर? ताईचा स्वभाव बघता ते अगदी शक्य होतं. मग ते रडणंही माझ्यासाठी, आणि "आई उगाच म्हणायची" हेही माझ्यासाठी, आणि आतलं ओझं होतं तिथेच. मी तिला विचारलं नाही. ती "हो, दिसलं ना" म्हणाली असती आणि माझा त्यावर विश्वास बसला नसता. ती गेली त्या संध्याकाळी मला मोकळं वाटलं ते खरंच, पण बाराव्या-तेराव्याच्या धावपळीत ते कुसळ पुन्हा टोचू लागलं.

दिवस झाल्यावर मी आणि नीता अस्थी घेऊन भाड्याच्या गाडीने दाभोळला गेलो. ताईने तसं सांगून ठेवलं होतं. आता खाड्यांवर गाड्या नेणाऱ्या फेरी बोटी झाल्यात. जयगडला एक खाडी ओलांडली, हेदवीवरून पुढे गेलो, धोपाव्याला गाडी ठेवून दुसरी ओलांडली, आणि ऊन चढायच्या आत दाभोळच्या धक्क्यावर. आमचं घर विकून जमाना लोटलाय. ताईने तर त्यानंतर तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिथलं कुणी तिच्याकडे येणारंही उरलं नव्हतं. धक्क्यावर हसनभाई भेटले. त्यांचे वडील आमच्या वडिलांच्या दुकानातून वाणसामान न्यायचे. त्यांनी स्वतःची होडी काढली, आम्हाला दोघांना हात देऊन बसवलं आणि म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी सोडूया मास्तर. इंदूबायला समुद्र गावला पायजे."

ओहोटी होती. तोंडाशी जायला लागलो तशी हसनभाईंनी होडी सरळ न नेता मोठा वळसा घेऊन उत्तरेच्या अंगाने घातली. मी म्हटलं, "इकडून का? आपल्या लहानपणी तर सरळ बाहेर पडायचे."

"तवा वाळू नव्हती," ते म्हणाले. "ही गेल्या दोन पावसांत आलीय. त्या बाजूनं गेलो तर होडी बसंल." त्यांनी हात लांब केला. पाण्याच्या वर पांढरी वाळू उघडी पडली होती, तिच्यावर बगळे बसलेले. "इथनं सरळ वाटते, पण सरळ नाय ती. वरनं डोंगरावरनं बघा. अशी हाय." आणि त्यांनी हवेत बोटाने एक आकार काढला... आधी सरळ, मग आत वळलेला, टोकाला निमुळता.

विळा. दुसरं काही नाही.

मी नीताचा दंड घट्ट धरला. ती घाबरली, मला चक्कर आली असं तिला वाटलं. मी म्हटलं, "काही नाही गो. तिला दिसलं होतं." मग होडीतच तिला सगळं सांगितलं. मधेच माझा आवाज फुटला आणि ताई गेल्यापासून जे रडलो नव्हतो ते रडलो, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. डॉक्टरांची विद्या खोटी नसेल. पण त्या दुपारी, त्या उजेडात, बांगडीएवढ्या नजरेने तिने तुकडा तुकडा जुळवून ही वाळू बघितली होती, आणि वाळू बघितली म्हणजे दाभोळ बघितलं, आणि दाभोळ बघितलं म्हणजे पुढचंही सगळं खरं. हसनभाई वल्हं धरून शांत उभे होते. नीताने मडक्यातल्या अस्थी पाण्यात सोडल्या. त्या वाळूच्या आतल्या अंगाने एक फेरा घेऊन बाहेर गेल्या.

परत निघायला दुपार झाली. खाडी ओलांडून धोपाव्याला गाडीपाशी आलो तर नीता मागचं डावीकडचं दार उघडून म्हणाली, "मामा, इकडे बसा. त्या बाजूला ऊन आहे जयगडपर्यंत." आईची लेक शोभली. मी म्हटलं, "असू दे," आणि वळसा घालून उजवीकडे, समुद्राच्या बाजूला बसलो. तिने पर्समधून ताईचा काळा चष्मा काढून दिला. मला तो मोठा होतो, त्याची एक काडी ताईने दोऱ्याने बांधलेली आहे, कानाला टोचते. हेदवीचं वळण सोडलं आणि समुद्र एकदम खिडकीभर उघडा पडला. ऊन तोंडावर येत होतं, डोळे मिटत होते, तरी मी मान वळवून दाभोळचा डोंगर दिसतो तोवर बघून घेतला. मग सरळ बसून, म्हातारी माणसं विचारतात तसं उगाचच विचारलं, "अजून किती गो रत्नागिरी?"

"आलीच की मामा," नीता म्हणाली. "लांब कुठेय?"